घाई नसलेलं पत्र

॥ श्री ॥

ऐरोली, सेक्टर ८
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. अरुणाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या चकल्या पोचल्या. डब्यावर आम्हा दोघी बहिणींची नावं होती, पण कुरिअरवाल्याने तो प्राचीच्या हातात दिला आणि तिने जिन्यातच निम्मा वाटून टाकला. माझ्या वाट्याला चार तुकडे आले. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून सगळं लिहून कळवावं लागतं, आणि लिहायला बसलं की पोटातली जळजळ कागदावर उतरते. त्याला माझा इलाज नाही.

बातमी अशी की प्राचीची नोकरी गेली. उलव्याच्या बिल्डरकडे बाबांनीच लावून दिली होती. पोरगी बोलकी आहे, पटापट फ्लॅट विकेल, असा त्यांचा अंदाज. दोन महिन्यांत बाईंनी एकही विकला नाही. एका रिटायर्ड जोडप्याची तासभर कहाणी ऐकून घेतली आणि शेवटी त्यांना सांगितलं की काकूंच्या गुडघ्यांना इथून स्टेशन लांब पडेल, तुम्ही मुलाजवळच घर बघा. मालकाने दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी आपणहून शिरा केला.

पण नोकरी गेली तरी हिचंच कौतुक. अर्धी सोसायटी हिच्यासाठी काम शोधतेय. शिरवण्याहून मासळी घेऊन येणारी काशीबाई, तिने मला मधेच थांबवून म्हटलं की तुजी भईन लय गुनाची हाय, तिच्या कामाचा काय झाला. अकरा वर्षं मी तिच्याकडून बोंबील घेते, तिला माझं नाव माहीत नाही. मी म्हणजे प्राचीची ताई.

ऑफिसात आम्ही सॉफ्टवेअर तपासणारे बारा जण होतो, आता आठ उरलो. तपासणी यंत्रच करतं. एचआरच्या बाई म्हणाल्या, यापुढे पीपल स्किल्स वाढवा. जन्मभर मी नव्वद टक्क्यांच्या खाली आले नाही, आणि जे प्राचीला फुकट मिळालं ते आता मी क्लास लावून शिकायचं. माझा टीम लीड राजवर्धन तीन वर्षं शेजारच्या खुर्चीत बसतो. फॅमिली डेला प्राची दोन तास आली आणि त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं तिला कळलं. मला ते तिच्याकडून कळलं.

हिने पुढे काय करावं, असं आईने तुला विचारायला सांगितलंय. आई-बाबांचा नमस्कार. उत्तर लवकर पाठव, आणि माझ्या एकटीच्या नावाने पाठव.

तुझी,
श्रुती


कराड
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. श्रुतीस,
अ. उ. आ.

पत्र तुझ्या एकटीच्या नावाने पाठवतेय, बघून घे. पुढच्या दिवाळीला डबाही वेगळा पाठवीन आणि वर कुलूप लावीन. तुझ्या पत्रात राजवर्धनवर चार ओळी आहेत आणि स्वतःच्या बापावर दोन. कान गेले असले तरी माझे डोळे शाबूत आहेत.

तुझ्या बापाला, मधुकरला सांग, बोलकं माणूस आणि माणसातलं माणूस यांत फरक असतो. मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसले. पेशंटबरोबर आलेला माणूस आधी भांडतो, मग रडतो, मग पाणी कुठे मिळेल ते विचारतो. त्याचं भांडण ऐकतानाच त्याला पाणी हवंय हे ओळखणारी माणसं माझ्या नोकरीत मला दोनच भेटली, आणि मी त्यांतली नव्हे. तुझी बहीण बोलते तरी किती, ते एकदा मोज. तपासणीच तुझं काम आहे ना.

हल्ली मोठ्या इस्पितळांत पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायला माणसं नेमतात म्हणे. तुमच्या बाजूला चौकशी कर. अर्ज मात्र तूच भर, तिच्या हातून एक रकाना धड भरला जात नाही.

पोटात जळजळ म्हणतेस तो हेवाच, वाटतो तर वाटू दे. मधुकर झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. घरात मुलगा आला म्हणून पेढे वाटले, आणि मी चुलीमागे जाऊन बसले होते. अजून कधीमधी ते वर येतं. मनात काय येईल ते येऊ दे, पण त्यात हाताने काही करू नकोस.

प्रकृती जप. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते आहेतच.

तुझी,
अरुणाआत्या


ऐरोली
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. अरुणाआत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे मोजलं. रविवारी वरच्या मजल्यावरचे दत्तूकाका आले होते. काकू गेल्यापासून ते कुठे जात नाहीत. मी शेजारी गवार मोडत बसले. पन्नास मिनिटांत प्राची सहा वाक्यं बोलली, त्यांतली दोन चहाबद्दल होती. जाताना काका मला म्हणाले, तुझ्या बहिणीशी गप्पा मारून बरं वाटलं. गप्पा म्हणे. सोमवारी मीही राजवर्धनसमोर तोंड मिटून ऐकत बसले, तर त्याने मला बरं नाही का असं विचारलं आणि घरी जायला सांगितलं.

नेरुळच्या एका इस्पितळात रुग्ण समन्वयकाची जागा निघाली, तिथे अर्ज भरला. घरातले सगळे फॉर्म मीच भरते. प्राचीच्या मेलमध्ये चार हजार न उघडलेली पत्रं पडलीत, म्हणून सवयीने माझाच मेल आणि माझाच मोबाइल नंबर टाकला.

बुधवारी तिला बोलावणं आलं. गुरुवार, ४ डिसेंबर, सकाळी अकरा, दुसरा मजला. एकच जागा आहे. मी तिला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी आमच्यातल्या आणखी दोघांना काढलं. घरी येताना जिन्यात मेल वाचला, दार उघडलं तर प्राची समोर, काही आलं का गं, म्हणून विचारत होती. मी नाही म्हणाले. तोंडातून निघून गेलं. काल पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाले. आज तिने विचारलं नाही, नुसता माझ्यासाठी चहा ठेवला. मला तिचा इतका राग आला की तो चहा मी मोरीत ओतला.

मी काही केलेलं नाही, असं स्वतःला सांगते. फक्त सांगितलं नाही, एवढंच. माझी नोकरी आज आहे, उद्या नाही, आणि हिला मात्र हिच्या स्वभावाचा पगार मिळणार, हे मला बघवत नाही आत्या. उद्या हे पत्र प्राचीच पोस्टात टाकेल. साध्या टपालाने तुझ्याकडे यायला पुढचा शुक्रवार उजाडतो. तोवर गुरुवार होऊन गेलेला असेल. मग तुला हवं ते बोल.

लोभ ठेवायचा की नाही ते वाचून झाल्यावर ठरव.

श्रुती


ऐरोली
बुधवार, ३ डिसेंबर २०२५, सकाळी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल दुपारी तुझा फोन आला. मला ऐकू येत नाही, तू फक्त ऐक, असं म्हणून तू सांगितलंस की श्रुतीला मेल आलाय, गुरुवारी अकराला मुलाखत आहे, दुसऱ्या मजल्यावर, ती कामाच्या गडबडीत विसरली असेल. आणि फोन ठेवलास. मी काय म्हणाले ते तुला कळलं नसणार, म्हणून लिहितेय.

पत्र तुला तीन दिवसांत कसं मिळालं, याचं नवल वाटलं असेल. शनिवारी ताईने तिकीट लावून पाकीट दिलं. ते दोनदा चिकटवलेलं होतं, आणि ती म्हणाली, घाई नाही. आत्या, ताईला कधी घाई नसते? भात शिजायच्या आत ती ताट घेऊन बसते. काहीतरी मनाला लागलंय आणि ते तुझ्याकडेच बोलायचंय, असं मला वाटलं. लवकर पोचलेलं बरं म्हणून मी स्पीड पोस्ट केलं. आत काय आहे ते मला माहीत नाही, आणि तू सांगूही नकोस.

ताई विसरलेली नाही. फॉर्मचं ती कधी विसरत नाही. गेला आठवडाभर ती माझ्याकडे बघत नाहीये. तुझा फोन ठेवल्यावर मी खूप रडले. बारावीला गणितात मी तिच्यामुळे सुटले, रोज पहाटे उठून बसायची माझ्याबरोबर.

उद्या मी जाणारच आहे. चांगला ड्रेस हरेशभाऊंकडून इस्त्री करून आणलाय. पण आज संध्याकाळपर्यंत काही बोलणार नाही. ती सांगेल. मी आधी बोलले तर तिला सांगायला जागाच उरणार नाही, आणि ते तिला जन्मभर टोचेल. तिने सांगितलं की मला तेव्हाच कळलं असं मी दाखवीन. तुझ्या फोनचं तिला कधीच कळू देऊ नकोस. आणि तिला लिहिशील तेव्हा पत्र साध्या टपालाने शुक्रवारी मिळालं, असंच लिही. एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल.

औषधं वेळेवर घे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
प्राची


ऐरोली
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. स्व. अरुणाआत्यास,
सा. न. वि. वि.

मागचं पत्र परवा मिळालं असेल. वाचलंस तर फाडून टाक. मी प्राचीला सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी घरात शिरले तोवर काही ठरवलेलं नव्हतं. ती माझ्या ओढणीची घडी घालत होती. मी चपलाही न काढता बोलून टाकलं की उद्या अकराला तुझी मुलाखत आहे, मेल आठवडाभर माझ्याकडे पडलाय, मी मुद्दाम सांगितलं नाही. ती घडी टाकून उठली आणि नाचायलाच लागली. वर मलाच समजावते, की ताई, तुझ्या ऑफिसात किती टेन्शन चाललंय, राहिलं असेल सांगायचं. मी मुद्दाम म्हणतेय ते हिच्या कानातच शिरेना. मला रडू आलं, तर पाणी आणून दिलं. नशीबही बघ हिचं, चांगला ड्रेस नेमका इस्त्री होऊन कपाटात लटकत होता.

काल माझ्या मोबाइलवर इस्पितळातून फोन आला. तिला घेतलं. या वेळी मी दोन मिनिटंसुद्धा थांबले नाही, गॅसवर दूध तसंच टाकून खाली धावले. ती काशीबाईच्या पाटीपाशी बसली होती. तिथेच सांगितलं.

आता एक तुलाच म्हणून लिहिते. प्राचीला माणसं कळतात असं तुम्ही सगळे म्हणता, पण मला ते पटत नाही. एका खोलीत झोपणारी बहीण आठवडाभर तोंडावर खोटं बोलली आणि हिला पत्ता लागला नाही. माझं पाकीट पोस्टात टाकून आली, तरी काही संशय नाही. इस्पितळात तऱ्हेतऱ्हेची माणसं येणार, तिथे हिचा निभाव कसा लागायचा? मी ठरवलंय, रोज संध्याकाळी तिला समोर बसवायचं, दिवसभर कोण काय म्हणालं ते विचारायचं आणि ती कुठे फसली ते दाखवून द्यायचं. तिला म्हटलं तसं, तर लगेच हो म्हणाली. ताई, तू आहेस म्हणून बरं, असंही म्हणाली.

तेव्हापासून मला तिचा हेवा वाटेनासा झालाय. लोभ आम्हा दोघींवर असू दे, पण तिच्यावर थोडा जास्त ठेव. भोळी आहे ती, तिला लागेल.

तुझी,
श्रुती