आतल्या मशीनचं नाव

नगर,
ऑक्टोबर १९९९

प्रिय दिशा,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं बरं आहे. सीमा आणि छोकरी खुशाल आहेत. छोकरी झोपू देत नाही, पण तिचं तोंड पाहिलं की राग टिकत नाही.

ऑफिसातली गंमत सांगतो. आम्ही आता कांद्याचे भाव इंटरनेटवर देतो. बाहेरच्यांना एकच मशीन दिसतं. ते मागणी घेऊन आतल्या मशीनकडे पाठवतं, काम सगळं आतलं करतं. मशीनला नाव द्यावं लागतं. आतल्याला मी आईचं दिलं, भागिरथी. बाहेर कुणाला ते दिसणार नव्हतं.

पहिल्याच दिवशी मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. "अहो, पुढचं पान मागितलं की तुमचा कॉम्प्युटर मला भागिरथीकडे पाठवतो. ही बाई कोण, आणि दार का उघडत नाही?" दिवसभर तसेच फोन. सगळं ऑफिस हसत होतं. मीही हसलो, आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

झालं असं, की गिऱ्हाइकानं आमच्या साइटचं कोणतं नाव घेऊन हाक मारली, हे बाहेरचं मशीन आत सांगतच नव्हतं. म्हणून आतलं मशीन पुढच्या पानाचा पत्ता स्वतःच्या नावानं लिहायचं, आणि ते नाव बाहेर कुणाला ठाऊक नाही. तिसगावात काकासाहेबांच्या दुकानात आपला फोन यायचा, आठवतं? ते नुसतं "फोन हाय" म्हणत नसत. "नगरचा हाय, प्रशांतच्या आईला बोलावलंय," असा पुरता निरोप द्यायचे. मी तेच केलं. गिऱ्हाइकानं घेतलेलं नाव मागणीबरोबर आत पाठवलं, आणि असा निरोप बाहेरच्या मशीनकडून आला तरच खरा मानायचा, असं आतल्याला सांगून ठेवलं. संध्याकाळपर्यंत पानं उघडू लागली. साहेब खूश झाले. भागिरथी पुन्हा आत गेली.

घरी येताना मात्र चुकल्यासारखं वाटलं. गावात आई कायम प्रशांतची आई. उभ्या आयुष्यात तिचं नाव जेवढं कुणी घेतलं नसेल, तेवढं त्या एका दिवसात घेतलं गेलं.

रविवारी बारसं आहे. नाव आत्यानं ठेवायचं, म्हणून हे पत्र. सीमाला विचारलंय, ती हो म्हणाली. तिची आई म्हणते, जुनं नाव, शाळेत पोरं चिडवतील. चिडवू देत, चिडवायला तरी नाव घ्यावंच लागेल. पुणतांब्याहून सकाळच्या एसटीनं नीघ. छोकरीच्या कानात हळू सांग, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हण.

एसटी स्टँडवर तुझी वाट पाहणारा,
तुझाच दादा, प्रशांत