दफ्तरातल्या गाठी

माधव नगर, उज्जैन
११ नोव्हेंबर १९५६

प्रिय वासंती,

तुझं कार्ड मिळून बारा दिवस झाले. लिहायला तेव्हाच बसलो होतो, पण "कार्ड मिळालं" एवढं लिहून पेन खाली ठेवायचो, असं चारदा झालं. आज रविवार. ज्यांच्या मागच्या खोलीत मी राहतो ते मधुकरमामा आणि घरची सगळी मंडळी देवासला लग्नाला गेली आहेत. सकाळी टावर चौकात जाऊन पोहे खाल्ले, परत आलो, आणि आता हे लिहितो आहे. आईला जाऊन तीन महिने होत आले. मी आलो नाही. तू कार्डात माझ्यावर एक अक्षर रागाचं लिहिलं नाहीस, सगळा राग माझ्या साहेबावर काढलास. कार्ड कचेरीच्या पत्त्यावर टाकलंस, तेव्हा ते माझ्या हातात यायच्या आधी आमच्या हेडक्लार्कांच्या, दत्तात्रयपंतांच्या हातात पडलं. उघडं कार्ड माणूस वाचतोच. त्याबद्दल पुढे लिहितो.

तुला माझं काम नेमकं काय, हे मी कधी नीट सांगितलं नाही. "सरकारी कचेरीत आहे, माझ्यावाचून चालत नाही" एवढंच लिहीत आलो. चौथीतून शाळा सोडलेल्या माणसावाचून सरकारचं काय अडतं, हे तू कधी विचारलं नाहीस. आईनेही नाही. ती ओतूरच्या बाजारात बसून सगळ्यांना सांगायची म्हणे, माझ्या नाथाशिवाय तिकडं पान हलत नाही. हे तूच मागे कळवलं होतंस. ते पत्र मी पुष्कळदा वाचलं.

तर ऐक. नाशिक झालं, भुसावळ झालं, पाय कुठे ठरत नव्हते, तसा फिरत फिरत मी अठ्ठेचाळीस साली इथे आलो. राजेशाही संपून मध्यभारत नुकतं झालं होतं. जुन्या कचेऱ्या बंद होत होत्या आणि तिथले कागद गाड्या भरभरून आमच्या कचेरीत येऊन पडत होते. लाल कापडात गुंडाळून वरून नाडीने बांधलेले गठ्ठे, इथे त्याला बस्ता म्हणतात. मला आठ दिवस हमालीला घेतलं होतं. बस्त्यांवरच्या चिठ्ठ्या काही उंदरांनी खाल्लेल्या, काही भिजून गेलेल्या. दत्तात्रयपंत एकेक उघडून बघायचे, "हा बडनगर, बांध. हा खाचरोद, बांध," आणि मी बांधायचो. आतलं मोडी मला वाचता येत नव्हतं. पण गाठ बांधता येत होती.

आई कांद्याच्या गोण्या बांधायची ते आठवतं ना तुला? दहा शेतकऱ्यांचा माल एका गाडीत जायचा आणि आईला अक्षर येत नव्हतं. एकाला निरगाठ, एकाला सुरगाठ, एकाला दाव्याची, एकाला पाळण्याची. गोणीवर एक अक्षर नसूनही कधी कोणाचा माल बदलला नाही. मी तेच केलं. बडनगरला एक निरगाठ. खाचरोदला निरगाठीवर सुरगाठ. तरान्याला पाळण्याची. मग गावागणिक डावा कोपरा वर की उजवा, नाडीचा शेव किती लांब ठेवायचा, असं वाढत गेलं. दोन हजारांवर बस्ते होते. आठ दिवसांची हमाली संपली, पण मला कोणी जा म्हणालं नाही, कारण कुठला बस्ता कुठे आहे ते फक्त मला कळत होतं.

पुढे जहागिऱ्या गेल्या आणि ज्याला त्याला जुने कागद हवे झाले. कोणाच्या आजोबाची सनद, कोणाच्या देवळाची जमीन. माणसं देवास गेटला मोटारीतून उतरून सरळ आमच्या दारात. वरून हाक यायची, श्रीनाथ को बुलाओ. मी शिडी लावायचो, हात फिरवायचो, बस्ता खाली. दिवा लागत नसे. एकदा मला ताप आला, चार दिवस पडून होतो. पाचव्या दिवशी विष्णू चपरासी टांगा घेऊन दारात. म्हणाला, "चल भैया, पूरा दफ्तर पागल हो रहा है." अंगावर पांघरूण घेऊन गेलो, शिडीवर चढलो, बस्ता काढून दिला आणि उतरताना तोल गेला तर खुद्द साहेबांनी खांदा धरला. वासंती, मला आजवर कोणी असं धरलं नव्हतं. मास्तरांनी धरलं होतं ते कानाला.

त्या दिवसापासून मी बदललो. हे तुला माहीत नाही. श्रीधर म्हणून एक नवा बाबू आला, शिकलेला, गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, आपण सगळ्या बस्त्यांवर चिठ्ठ्या चिकटवू. मी म्हणालो, लेईने झुरळं येतात, कागद खातात. पंतांना ते पटलं. मग विष्णूच्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. तो रोज माझी शिडी धरायचा, बघून बघून त्याला तरान्याची गाठ ओळखू यायला लागली. एक दिवस मी जेवायला बसलो असताना त्याने आपणहून तरान्याचा बस्ता काढून दिला. मला म्हणाला, "उस्ताद, सीख गया मैं." मी हसलो. संध्याकाळी सगळे गेल्यावर तरान्याच्या सगळ्या गाठी सोडून दुसऱ्या बांधल्या. पुढच्या वेळी त्याने भलताच बस्ता नेऊन दिला आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. त्याने परत कधी हात लावला नाही. शिडी मात्र धरत राहिला.

तू आईच्या दम्याचं पहिल्यांदा कळवलंस ते चोपन्नच्या पाडव्याला. मी लिहिलं, साहेब रजा देत नाहीत. पंचावन्नच्या गणपतीत तिने अंथरूण धरलं, तू लिहिलंस, दोन दिवस तरी तोंड दाखवून जा. मी लिहिलं, साहेब सोडत नाहीत, इथे सगळं माझ्यावर आहे. तुझं लग्न त्या साली ठरत होतं, ते आईपायी तू पुढे ढकललंस, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

श्रावणात तुझी तार आली तो सोमवार होता. महाकाळाची सवारी निघायची म्हणून अर्धी कचेरी तिकडे पळालेली. "आई अत्यवस्थ, ताबडतोब ये." तार खिशात घातली. तेवढ्यात इंदूरहून एक मोठे अधिकारी आले. त्यांना खाचरोदकडचे कुठले तरी तीस वर्षांपूर्वीचे कागद हवे होते. मी पाच मिनिटांत काढून दिले. ते पंतांना म्हणाले, ये लड़का नहीं होता तो आप लोग क्या करते? पंत हसले. मीही हसलो. तार खिशात होती. गुरुवारी तुझी दुसरी तार आली.

मी केस काढले नाहीत, वासंती. क्षिप्रेवर गेलो होतो. घाटावर न्हाव्यापुढे बसलोही होतो. मग उठलो. डोकं भादरलेलं दिसलं असतं तर कचेरीत विचारलं असतं, कोण गेलं, आणि मग विचारलं असतं, मग तू इथे कसा? नुसती आंघोळ केली आणि कामावर गेलो. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. जेवण जातं, झोप लागते.

आता राज्य पुन्हा बदललं. तिकडे तुम्ही मोठ्या मुंबई राज्यात गेलात, इकडे आमचं मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. दसऱ्याच्या आधी हुकूम आला की जुने बस्ते यादी करून भोपाळला पाठवा. मला वाटलं, आता तर माझ्यावाचून होणारच नाही. श्रीधर आणि आणखी दोन बाबू सतरंजी टाकून बसले. एकजण कात्रीने गाठ कापायचा, दुसरा कागद बघून गाव सांगायचा, श्रीधर रजिस्टरात आकडा घालायचा आणि तोच आकडा चिठ्ठीवर लिहून चिकटवायचा. अठरा दिवस लागले. कोणी मला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. कापलेल्या नाड्या मी झाडून गोळा केल्या, दोन पोती निघाली. विष्णूने खाटेला विणायला म्हणून नेल्या. मला म्हणाला, "तू भी ले जा थोड़ी." नोकरी गेलेली नाही. लॉरी भरून गेल्या, आता मी नव्या कागदांवर शिक्के मारतो आणि पाणी भरून ठेवतो. माझ्याऐवजी कोणीही ते करू शकतं.

लॉरी गेल्या त्याच आठवड्यात तुझं कार्ड आलं. तू लिहिलं होतंस, "तुझ्या साहेबाला विचार, त्याला आई आहे का? मरणाऱ्या बाईला मुलाचं तोंड दिसू दिलं नाही, त्याचं भलं होणार नाही." पंतांनी कार्ड मला दिलं नाही, आधी स्टूल दिलं बसायला. मग हळू आवाजात म्हणाले, "श्रीनाथ, आई गेली आणि तू बोललाच नाही? हे कोणाबद्दल लिहिलंय, माझ्याबद्दल की साहेबांबद्दल? अरे, तुला कोणी कधी ना म्हटलं?" मी कार्ड घ्यायला हात पुढे केला. ते म्हणाले, "एक दरख्वास्त द्यायची होती बाबा. महिना गेला असतास. तेरे बिना क्या ताला लग जाता?" ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

म्हणून हे पत्र. मी कधी रजा मागितली नाही, वासंती. पाडव्याला नाही, गणपतीत नाही, श्रावणातही नाही. एकदाही अर्ज केला नाही. साहेबांनी नको म्हटलं हे सगळं मी लिहिलेलं. मी गेलो आणि मागे कोणी गाठी सोडवल्या तर, एवढंच डोक्यात असायचं. तू ज्या माणसाला शिव्या दिल्यास त्याचा काही दोष नाही. परवा पहिल्यांदा अर्ज लिहिला, पंधरा दिवसांचा. लिहायला मला दोन तास लागले. साहेब दुसरे कागद बघत होते, त्यांनी मान वर न करता सही केली. बुधवारी इथून निघतो, शुक्रवारी संध्याकाळी ओतूरला उतरेन. तू दार उघडलं नाहीस तरी मी ओसरीवर बसेन, दुसरीकडे जाणार नाही. कार्डाच्या कडेला तू बारीक अक्षरात लिहिलं होतंस की आईने तिच्या लुगड्यांचं गाठोडं बांधून ठेवलंय आणि गाठ काही केल्या सुटत नाही, कापू का. मी पोचेपर्यंत कापू नकोस. ती कशी सुटते ते तिने मला दाखवलेलं आहे. मी ओसरीवर बसून तुला दाखवीन, म्हणजे तुलाही येईल.

तुझाच, तू म्हणशील तर अजूनही दादा,
श्रीनाथ