चिंधीच्या पाठीवरची चार बोटं

सोमवार, ३
आले एकदाची! दोन खोल्या, एक खिडकी आणि एक कुरकुरता पंखा. सामान लागायच्या आतच चिंधीने कपाटावरची जागा पटकावली. पांढरीशुभ्र मांजर, पण नखरे राणीचे. आईने जाताना हिला माझ्या पदरात टाकलं. हिचं काही बरंवाईट झालं तर वर गेल्यावर आईला काय तोंड दाखवू? जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. मांजरं आवडत नाहीत, असं मी न विचारताच सांगून मोकळ्या झाल्या. त्यांच्या दाराशी कुंड्यांची रांग आहे.

बुधवार, ५
फुलांच्या दुकानातलं काम जमतंय. मला लिलीवर बसवलंय. फूल उमलू लागलं की आतले परागाचे तुरे चिमटीने खुडायचे, म्हणजे पाकळ्यांवर डाग पडत नाहीत. माझी करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झाली, ती आता कामी आली. बरोबर फुलाच्या गळ्यात शिरते. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी दटावलं, की या भुकटीला पाणी लावलं तर डाग पक्का बसतो, हात कोरडेच झटकायचे. मी आपली स्वेटरला पुसते. घरी आले की चिंधी थेट अंगावर उडी घेते आणि मग त्याच स्वेटरवर ताणून देते.

शनिवार, ८
चिंधीच्या पाठीवर पिवळट पट्टे. भिंतीचा रंग असेल. माझ्या देखत तिने ते चाटून साफ केले.

सोमवार, १०
पुन्हा पट्टे. यावेळी दिव्याखाली नीट पाहिले. चार, शेजारीशेजारी, मानेपासून शेपटीकडे गेलेले. शेवटचा जरा वाकडा. बोटं आहेत ही. कुणाची? घराला दिवसभर कुलूप होतं. सकाळी चिंधी दोनदा ओकली.

मंगळवार, ११
जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, घरात लिली आहे का. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात म्हणे. केसांवरची भुकटी चाटली तरी पुरते. घरात झाडाचं पानसुद्धा नाही, असं मी शपथेवर सांगितलं. त्यांनी तिला आंघोळ घातली, सलाइन लावून ठेवून घेतलं.
मग डोक्यात वीज चमकली. काकूंच्या कुंड्यांत एक लिली आहे! तडक वर जाऊन नाही नाही ते बोलले. आपण कधी माझ्या दारात पाऊलही ठेवलं नाही, असं त्या रडत सांगत होत्या. माझा विश्वास बसला नाही.

गुरुवार, १३
चिंधी घरी आली, अशक्त पण पांढरी. काकूंनी आपणहून लिलीची कुंडी कुणाला तरी देऊन टाकली, माझ्याशी बोलत मात्र नाहीत. मी कुलूप बदललं, खिडकीच्या फटीत कागद कोंबले आणि कामावर गेले.
संध्याकाळी आले, तिला पोटाशी धरून रडले. मग दिवा लावला. पाठीवर चार बोटं.

शुक्रवार, १४
दाराला दोरा बांधून गेले होते. तुटला नव्हता. कागद जागच्या जागी. तरी आज मानेखालीसुद्धा — जे कोणी आहे ते तिला मारत नाही. कुरवाळतं. अगदी मायेने. मला बसवत नाही, उठवत नाही. सारखी मागे वळून बघतेय.

शनिवार, १५
खात नाही. नुसती पाणी पितेय. डॉक्टर फोन उचलत नाहीत.
ठसा किती मोठा ते बघावं म्हणून त्यावर हात ठेवला —
बरोबर बसला.
करंगळीसुद्धा.

शनिवार, थोड्या वेळाने
काकू निर्दोष होत्या. हात तीनदा घासले. नखांत अजून पिवळं आहे. स्वेटर, उशी, दाराची कडी — वहीची मागची पानं उलटली, प्रत्येक कोपऱ्यावर माझा अंगठा. तीन तारखेच्या पानावरसुद्धा.
तिला दवाखान्यात न्यायला हवं. आत्ता. पण उचलू कशाने? हेच हात —
वहीवर येऊन बसली. माझ्याकडे बघतेय. चिंधे, नको गं, लांब हो, ते पान चाटू न