विषडोकी

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आज इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत माझ्या वाट्याला आलेला शब्द — ‘ॲटरकॉप’. इंग्रजीतही आता तो कुणी वापरत नाही, म्हणूनच माझ्याकडे आला असावा! ‘कॉप’ म्हणजे पोलीस, असं संपादकांना छातीठोकपणे सांगून आले. ते नुसते चष्मा पुसत राहिले.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पोलीस कसला — कोळी! जाळं विणणारा. जुन्या इंग्रजीत ‘ॲटर’ म्हणजे विष आणि ‘कॉप’ म्हणजे बहुधा डोकं. विषडोक्या! ‘कॉबवेब’ म्हणजे कोळ्याचं जाळं, त्यातला ‘कॉब’ याच ‘कॉप’च्या घराण्यातला. पुढे तिरसट माणसालाही ॲटरकॉप म्हणायला लागले. जेवताना ताईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे तू.” मी हसले नाही. हसायला हवं होतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
ताई महिनाअखेर मुलाकडे राहायला जाणार. कायमची. भाच्याने खोलीसुद्धा रंगवून घेतलीय. मी म्हटलं, जा की, माझं कुठे अडलंय! वर तिच्या बॅगेचं मोडकं चाक मीच दुरुस्त करून आणलं. केवढा तो मोठेपणा! मग दिवसभर कचेरीत दिसेल त्याच्यावर खेकसत होते.
नोंदीला नमुना वाक्य सुचेना. तात्पुरतं काहीतरी खरडलं — बदलू उद्या.

सोमवार, १७ फेब्रुवारी
बदललंच नाही!
कोशाची मुद्रितं, म्हणजे प्रुफं, ताई आणि मी घरी तपासतो. ताई मोठ्याने वाचते, मी मूळ प्रतीवर बोट फिरवत ऐकते. ती स्वल्पविरामसुद्धा वाचते. आज ‘ॲटरकॉप’ आला. तिने बातम्या द्याव्यात तशा आवाजात वाचलं — “ताई गेली तर मी या घरात एकटी कशी राहू, स्वल्पविराम, हे या विषडोकीला तोंडाने सांगता येत नाही, पूर्णविराम.”
धरणीने पोटात घ्यावं म्हटलं, तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर. ताई पाणी प्यायली. “पुढचा शब्द,” म्हणाली.
त्यानंतरच्या पानांत मला एकही चूक सापडली नाही. असतील त्या आता छापून येतील.

बुधवार, १९ फेब्रुवारी
कचेरीत वाक्य बदललं — ‘म्हातारा भलताच विषडोक्या होता.’ संपादक म्हणाले, आधीचं बरं होतं. म्हणजे त्यांनीही वाचलंय!

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
ताईने भाच्याला फोन केला. “‘बी’ संपेपर्यंत मला काही यायला जमायचं नाही रे.”
‘ए’लाच आम्हाला नऊ वर्षं लागलीत.