खंडेनवमीचा नारळ

दादा, यंदा खंडेनवमीला आमच्या सोसायटीने लिफ्टची पूजा केली. खरवईच्या या नव्या इमारतीत नांगर-कोयते कुणाकडे उरलेत? मग लिफ्ट. दाराला झेंडूचं तोरण, बटणांना हळदकुंकू. सगळ्यांत म्हातारा मी, म्हणून नारळ माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "मी देव मानत नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या." चेअरमन हसला, पण हसता हसता त्याने मला असं न्याहाळलं, जसं दारात उभ्या अनोळखी माणसाला न्याहाळतात. त्याच्या घराची एक किल्ली कायम माझ्याकडे असायची. दुसऱ्याच दिवशी ती मागून नेली. कुलूप बदलायचंय म्हणाला. बदलायचं असेलही. पण दार तेच, कुलूपही अजून तेच दिसतं.

तुमचा अंबरनाथचा कारखाना आठवतो. खंडेनवमीला कामगारांच्या पोरांना आत सोडत. मी तुमचं बोट धरून चाललोय, रांगेतल्या सगळ्या लेथना हार आहेत, तुमचं एकट्याचं उघडं. पण पुसून असं लखलखीत केलेलं की त्यात माझा चेहरा लांबुळका दिसतो. शेजारच्या मशीनवरचे चामटोलीचे काका विचारतात, "का रं, तुज्या मशीनला एक फूल नाय? भ्या नाय वाटत तुला?" तुम्ही म्हणता, "तेल घातलंय. फुलानं बेअरिंग फिरत नाय." मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा!

मला शाळेतल्या कवितांचं वेड, आणि त्यातल्या निम्म्या प्रार्थनाच. आई भाकऱ्या थापत असायची आणि मी चुलीपाशी बसून चालीवर म्हणायचो. एकदा तुम्ही दटावलंत, "ज्याला बघितलं नाहीस त्याला हाका कशाला मारतोस? चाल गोड आहे. देवाला वगळून म्हण." तेव्हापासून देवाचं नाव आलं की मी नुसतं 'हूं' करायचो. आई म्हणायची, "पोराचं गाणं खड्ड्याखड्ड्यांतून चाललंय." अजून तसंच म्हणतो. आयुष्यभर नवस बोललो नाही, ऑफिसात कुणाच्या चहाचाही मिंधा झालो नाही. लोकांना सांगत आलो, वरून बघणारा कुणी नाही, म्हणून माझ्यावर मीच नजर ठेवतो. खरंच माझी होती ती नजर? मला शंका येते, वरची ती जागा कधी रिकामी नव्हतीच. तिथे तुम्ही लेथ पुसत उभे होतात.

दसरा झाला आणि लिफ्ट अडकली. आमच्या वर राहणारी सिंधी बाई, उल्हासनगरहून आलेली, बराच वेळ आत कोंडली गेली. बाहेर आली ती थेट माझ्यासमोर. "अंकलजी, भगवान से झगड़ा आपका, और बंद हो गयी मैं!" सगळे हसले. चेअरमन हसला नाही. म्हणाला, "काका, हातात आलेला नारळ परत करायला नको होता."

जेवताना नातीने विचारलं, "आजोबा, का नाही फोडलात?"

"माझ्या दादांना, तुझ्या पणजोबांना, आवडलं नसतं."

"पण तुम्हाला?"

मी भात कालवत राहिलो.

आता तुमच्यावरही संशय येतो, रागावू नका. कारखान्यात पूजा झाल्यावर बाकीचे पेढे खात होते तेव्हा तुम्ही पुन्हा पुन्हा तेल का घालत होतात? मशीन बिघडलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, देव मानत नाही ना. तुमची ती शिस्त नास्तिकाची होती, की त्या नजरांच्या धाकाची? विचारायचं राहून गेलं. आणि आता हे पाठवू कुठे? स्वर्ग तुम्हीच मानत नव्हतात.

तुम्हालाच सांगतो, लिफ्ट कधीच दुरुस्त झाली, पोरंटोरं दिवसभर वरखाली करतात. मी मात्र चार मजले जिन्याने चढतो, कठड्याला धरून, मध्ये बसत. कुणी विचारलं तर म्हणतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही.