कबुतरांच्या बाजूने

४ मे, सोमवार
गच्चीवरच्या माझ्या कबुतरांवर संकट. शुक्रवारी बिल्डिंगची मीटिंग. खालच्या एव्हान्थियाकाकू म्हणतात, वाळत घातलेल्या चादरी घाण होतात, खुराडं काढा. आईला त्या दिवशी काम आहे. म्हणाली, आपल्या घरचं मत तूच दे, आर्गिरिस, आणि जरा तोंड उघड. उघडणारच! भाषण ठोकणार. काकू रडतील.

५ मे
प्रॅक्टिसला प्निकाच्या टेकडीवर. अथेन्सची जुनी माणसं जिथून बोलायची, तोच दगड. शाळा सोडली ते बरंच झालं. बेकरीतलं काम सकाळी संपतं, दुपार मोकळी. दगडाला दोरी लावलीय. ओलांडली, तर वॉचमनने शिट्टी मारली. म्हणाला, बाळा, हा बघायचा, चढायचा नाही. मग झाडाखाली उभा राहिलो. आवाज तिथूनही लांब जातो. आज काढला नाही, पण गेला असता.

६ मे
बोललो! ‘माझ्या शेजाऱ्यांनो’ एवढं. तेवढ्यात टुरिस्टांचा घोळका आला. त्यांची गाइड सांगत होती, इथे हात वर करून निर्णय व्हायचे. ते जाईपर्यंत मी बुटाची नाडी बांधत होतो. गर्दी जमवायची ताकद आहे माझ्यात.

७ मे
वॉचमन आता ओळखतो. काय पंतप्रधान, कुठवर आलं भाषण? सगळं सांगितलं त्याला. म्हणाला, अरे, आधी नुसता हात वर कर, लोक आपोआप गप्प होतात. पटलं. संध्याकाळी कबुतरांना अख्खं भाषण ऐकवलं. एकही उडून गेलं नाही. खुराडं बंद होतं, पण तरी.

८ मे
मीटिंग जिन्यापाशी. सगळे एकदम बोलत होते. अध्यक्ष थ्रासिवुलोसकाका ओरडले, एव्हान्थिया, जरा श्वास घे! त्या म्हणाल्या, घेतेय की, कबुतरांच्या वासासकट! मी मनात भाषण घोकत होतो. नेमका क्षण साधून हात वर केला. सगळे खरंच गप्प.

मग काकूंनी मला मिठीच मारली. काका म्हणाले, शाबास रे, स्वतःची कबुतरं असून शेजाऱ्यांचा विचार केलास. खुराडं काढायच्या बाजूने कोण कोण, असं त्यांनी नुकतंच विचारलं होतं म्हणे. एका मताने ठराव पास. माझ्याच.

खुलासा करणार होतो. पण टाळ्या चालू होत्या. मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

९ मे
टोपलीतून कबुतरं टेकडीवर नेली. वॉचमनने विचारलं, काय झालं? म्हटलं, माझ्यामुळे निकाल लागला. त्याने पाठ थोपटली. कबुतरं सोडली आणि रिकाम्या मैदानासमोर पूर्ण भाषण केलं, मोठ्याने. एकदाही अडखळलो नाही. रडू मलाच आलं.

घरी आलो, तर कबुतरं माझ्या आधी पोचलेली. काकूंच्या दोरीवर, धुतलेल्या चादरींवर, ओळीने. काकू बाल्कनीतून ओरडल्या, आर्गिरिस, आता बोल, काय म्हणणं आहे तुझं?

मी हात वर केला.