गाडीतला वास

योगेंद्र,

गाडी घेऊन भेस्तानच्या गॅरेजला जातोय. जेवायला माझी वाट पाहू नका.

एसी लावला की परत बुरशीचा कुबट वास येतोय. मागे फिल्टर बदलला, कॉइलही धुतली. पण तू एसी चालू ठेवूनच इंजिन बंद करतोस. ओल आतच राहते. घर जवळ आलं की एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवत जा. दहादा सांगून झालं.

आणि शालीवरून किंजलला बोलू नकोस. काल मीच तिला म्हणालो, "गाडीत अजून तुझ्या सासूचा वास येतो." तुझी माय गेल्यापासून तिची शाल मागच्या सीटवर होती ना, म्हणून बोललो. गुजरातीत वास म्हणजे घाणच, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पोरगी ओशाळली आणि गुपचूप शाल धुऊन आली. आता तिला अर्थ समजावत बसू नकोस, तिने चांगल्या मनानेच केलं.

शाल गॅलरीत वाळतेय. संध्याकाळी घडी करून कपाटात ठेवा, गाडीत नको. मी हुंगून पाहिली, नुसता साबणाचा वास येतो.

नाना